भाजीतला बुरशीनाशकाचा अंश कसा तपासावा : नमुन्यापासून निर्णयापर्यंत

टोमॅटोचा नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवालाच्या सगळ्या रकान्यांत 'आढळले नाही' असे येते आणि माल निर्धास्तपणे मार्केटला जातो. प्रत्यक्षात त्या प्लॉटवर करप्यासाठी तीनदा मॅन्कोझेब मारलेले असते आणि करून घेतलेल्या तपासणीत मॅन्कोझेब धरलेलेच नसते. दुसरीकडे एखाद्याच्या कोबीत डायथायोकार्बामेट, म्हणजे मॅन्कोझेब ज्यात येते तो बुरशीनाशकांचा गट, सापडते आणि त्याने तर त्या गटातले एकही औषध वापरलेले नसते. दोन्ही वेळा यंत्र आपल्या जागी बरोबर असते. घोळ झालेला असतो तो नमुना घेताना, प्रयोगशाळेला काम सांगताना किंवा आकडा वाचताना.

वाळवा, पलूस, मिरज, कराड, कोरेगाव, फलटण या पट्ट्यात टोमॅटो, ढोबळी मिरची, भेंडी, काकडी, कोबी करणारे शेतकरी आणि त्यांचा माल गोळा करणाऱ्या शेतकरी कंपन्यांत गुणवत्ता सांभाळणारी तरुण मंडळी यांच्यासाठी ही पद्धत क्रमाने देत आहे. क्रम मोडू नका. पुढच्या टप्प्यावरची कितीही महागडी तपासणी मागच्या टप्प्यावरची चूक भरून काढत नाही.

टप्पा १ : तपासणी कशासाठी, ते आधी लिहा

उद्देश तीन असू शकतात आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा.

पहिला उद्देश, विक्रीला निघालेला माल कायद्याच्या मर्यादेत आहे का हे पाहणे. इथे माल जसा क्रेटमध्ये भरला जातो, तसाच नमुना लागतो.

दुसरा, परदेशातल्या किंवा मोठ्या साखळी दुकानांच्या खरेदीदाराची अट पूर्ण करणे. इथे भारतातली मर्यादा पाहून चालत नाही. युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवली नाही आणि कार्बेन्डाझिमलाही तिथे मान्यता नाही. ज्या औषधासाठी त्या पिकात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. आपल्याकडेही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ज्या औषध-पिकाच्या जोडीची मर्यादा ठरवलेली नाही, तिथे ०.०१ हाच आकडा धरला जातो. म्हणून लेबलवर आपल्या पिकाचे नाव नसलेले औषध मारले, की मात्रा कितीही जपून वापरली तरी माल अडकू शकतो. द्राक्षाचे उरलेले औषध दोडक्यावर मारण्याची सवय या एकाच कारणासाठी सोडायला हवी.

तिसरा उद्देश, आपल्या शेतात ते औषध किती दिवसांत उतरते ते शोधणे. त्यासाठी एक नमुना पुरत नाही. फवारणी वाळल्यावर, म्हणजे साधारण दोन तासांनी पहिला आणि त्यानंतर १, ३, ५, ७, १० आणि १५ व्या दिवशी असे नमुने घ्यावे लागतात. शेजारी एक तुकडा बिनफवारणीचा ठेवावा लागतो. या काळात त्या प्लॉटवर तेच औषध पुन्हा मारायचे नाही.

टप्पा २ : फवारणीची यादी, तांत्रिक नावानिशी

दुकानदाराने दिलेले नाव प्रयोगशाळेच्या उपयोगाचे नसते. डबीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात घटकाचे नाव आणि टक्केवारी असते, ती वहीत उतरवा. मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब, ॲझॉक्सिस्ट्रोबिन आणि डायफेनोकोनॅझोल अशा जोड्या एकाच पुडीत किंवा बाटलीत येतात. वहीत एक ओळ लिहिली, तरी तपासायचे घटक दोन असतात.

यादीत सहसा सुटणाऱ्या गोष्टी या :

- रोपवाटिकेत झालेली बीजप्रक्रिया आणि रोपांवरची फवारणी. रोपे विकत आणली असतील तर तिथे विचारून लिहा.
- ठिबकातून किंवा आळवणीतून दिलेले औषध. मर आणि मूळकूज आवरायला दिलेले आंतरप्रवाही बुरशीनाशक मुळांतून वर चढते.
- आधीच्या पिकासाठी वापरलेला, नीट न धुतलेला पंप आणि टाकी.
- शेजारच्या बागेतून उडून आलेली फवारणी.

शेवटचा मुद्दा तासगाव-मिरज-पलूस भागात फार महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत डाउनी (केवडा रोग) आवरण्यासाठी फवारण्यांचा सपाटा चालू असतो, ब्लोअरचा तुषार वाऱ्याबरोबर बांध ओलांडतो आणि शेजारच्या मेथी-कोथिंबिरीवर बसतो. पालेभाजीचे वजन कमी आणि पृष्ठभाग मोठा, त्यामुळे तेवढ्या तुषारानेही किलोमागचा आकडा वर जातो. शेजाऱ्याने काय मारले ते विचारा आणि यादीत लिहा. हे विचारणे म्हणजे भांडण काढणे नव्हे.

पडताळणी : यादीत प्रत्येक ओळीला तारीख, तांत्रिक नाव, टक्केवारी, लिटरमागची मात्रा, एकरी पाणी आणि फवारणारा माणूस या सहा गोष्टी आहेत का? एक जरी नसली तरी पुढे आकड्याचे कारण शोधता येणार नाही.

टप्पा ३ : नमुन्याचा दिवस

डबीसोबतच्या माहितीपत्रकावर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर, म्हणजे प्रतीक्षा काळ, ठेवायचे ते दिलेले असते. ते अंतर लेबलवरच्या पिकासाठी आणि लेबलवरच्या मात्रेसाठी असते. मात्रा दुप्पट केली, तर अंश निम्मा व्हायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस जास्त थांबावे लागते.

खरी अडचण तोड्याच्या पिकात येते. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जरड होते. टोमॅटो, काकडी तीन-चार दिवसांनी. लेबलवर पाच दिवस लिहिले असतील, तर भेंडीचे मधले दोन तोडे विकायचे नसतात, हे गणित फवारणीच्या आधी करायचे असते. बहुतेक ठिकाणी ते अहवाल हातात आल्यावर केले जाते.

नमुना विक्रीच्या तोड्यादिवशीच घ्या. चांगला अहवाल यावा म्हणून दोन दिवस उशिरा घेतलेला नमुना तुमच्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. जोराच्या पावसानंतर लगेच घेतलेला नमुनाही फसवा ठरू शकतो, कारण पृष्ठभागावर बसणारे मॅन्कोझेबसारखे औषध पावसाने धुपते, तर आत शिरलेले टेब्युकोनॅझोल किंवा मेटॅलॅक्सिल जागच्या जागी राहते. पावसाळी तोडा विकणार असाल तर त्याच तोड्याचा नमुना घ्या आणि पाऊस किती, कधी पडला ते नोंदवा.

टप्पा ४ : नमुना घेणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

एका झाडावरचे दोन टोमॅटो सारखे नसतात. वरच्या फांदीवरच्या फळावर नोझलचा थेट मारा होतो, पानांच्या आडच्या फळावर जवळजवळ काहीच पोचत नाही. म्हणून चार सुंदर फळे तोडून पिशवीत टाकली, तर तो त्या चार फळांचा अहवाल होतो, प्लॉटचा नव्हे.

कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या, नमुना पद्धतीनुसार किमान प्रमाण असे धरा. पंचवीस ग्रॅमपेक्षा हलक्या मालाचा, म्हणजे भेंडी, हिरवी मिरची, गवार यांचा १ किलो. पंचवीस ते अडीचशे ग्रॅमच्या मालाचा, म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगे यांचा १ किलो आणि त्यात किमान १० नग. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड, म्हणजे कोबी, फ्लॉवर, दुधी यांचा २ किलो आणि किमान ५ नग. पाच गड्डे कोबी म्हणजे पाच-सहा किलो होतात, ते पाचही पाठवायचे असतात. 'दोन गड्ड्यांतच दोन किलो भरले' म्हणून थांबू नका.

कृती :

१. ज्याने त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी औषध हाताळले, त्याने नमुना घेऊ नये. दुसऱ्याने हात साबणाने धुऊन नवे हातमोजे घालावेत.

२. प्लॉटमध्ये नागमोडी चालत जा. दहा-पंधरा ठिकाणी थांबा. बांधालगतच्या ओळी वगळून बाकी सगळा प्लॉट येईल असे चाला. द्राक्षबागेकडच्या बाजूचा संशय असेल, तर त्या ओळींचा स्वतंत्र नमुना घ्या. तो मुख्य नमुन्यात मिसळू नका.

३. प्रत्येक ठिकाणी वरचा, मधला आणि खालचा, उन्हाकडचा आणि आडोशाचा असा माल घ्या. विकण्याजोगाच घ्या. किडका, तडकलेला, कच्चा नको.

४. सगळा माल स्वच्छ, नव्या प्लास्टिक कागदावर एकत्र करा. मग त्यातून न निवडता दोन सारखे भाग काढा. एक प्रयोगशाळेला, दुसरा तुमच्याकडे राखीव.

५. धुवायचे नाही, पुसायचे नाही, कापायचे नाही. टोमॅटोचा देठ प्रयोगशाळेत काढतात. कोबीची सुकलेली, कुजलेली बाहेरची पाने काढा, चांगली हिरवी पाने काढू नका. मुळा, गाजर यांची चिकटलेली माती गार पाण्याच्या हलक्या धारेखाली जाऊ द्या, ब्रशने घासू नका.

६. जाड, नवी पॉलिथिन पिशवी वापरा. खताची किंवा बियाण्याची धुतलेली पिशवी मुळीच नको. पिशवीला बाहेरून एक चिठ्ठी लावा आणि तीच माहिती लिहिलेली दुसरी चिठ्ठी छोट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवा. बर्फाच्या पाण्याने बाहेरची चिठ्ठी पुसली जाते.

७. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या थैल्या ठेवून पाठवा. सुटा बर्फ नको, त्याचे पाणी पिशवीत शिरते.

सावधान : सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. शुक्रवारी दुपारी गाडीत टाकलेला नमुना शनिवारी-रविवारी कुठल्या तरी गोदामात तापत पडतो. सोमवार ते बुधवार यांतच पाठवा आणि चोवीस तासांत पोचेल अशी व्यवस्था करा. ते जमणार नसेल, तर उणे २० अंशांवर गोठवून, गोठलेल्या अवस्थेतच पाठवा. एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवू नका.

पडताळणी : राखीव भागावर तीच खूण, तीच तारीख आहे का? तो फ्रीजरमध्ये आहे ना? वाद झाला तर तुमच्या हातात हाच पुरावा असतो.

टप्पा ५ : प्रयोगशाळेला नेमके काय सांगायचे

'सगळी औषधे तपासा' असे सांगितले, की प्रयोगशाळा तिच्याकडची बहुअंश तपासणी करते. तिच्यात शेकडो घटक असतात, पण काही नेहमीची बुरशीनाशके त्या पद्धतीत येतच नाहीत.

मॅन्कोझेब, प्रोपिनेब, झायनेब, मेटिराम हे डायथायोकार्बामेट गटातले घटक नेहमीच्या द्रावकात नीट विरघळत नाहीत. त्यांची वेगळी तपासणी मागावी लागते, तिचे पैसेही वेगळे पडतात. फोसेटिल ॲल्युमिनियम पाण्यात इतके विरघळणारे आहे की तेही वेगळ्या पद्धतीने शोधावे लागते. कॉपर ऑक्सिक्लोराइड हा धातूचा क्षार, त्यातले तांबे मोजण्याचे यंत्रच निराळे. आपल्याकडच्या टोमॅटोवर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या औषधांत मॅन्कोझेब आणि तांबेयुक्त औषधे येतात आणि नेमकी तीच तपासणीतून सुटतात. म्हणून टप्पा दोनमधली यादी नमुन्यासोबत द्या आणि प्रत्येक घटकापुढे 'तपासणार का' असे लिहून घ्या.

आणखी तीन प्रश्न विचारा. प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ (तपासणी प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय मानक) नुसार एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि त्या मान्यतेच्या यादीत ही भाजी व हा घटक आहे का? मोजण्याची सर्वांत खालची पातळी, म्हणजे एलओक्यू, ०.०१ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आहे का? अहवालात मोजमापाची अनिश्चितता देणार का? मान्यता प्रयोगशाळेच्या नावाला सरसकट नसते, ती भाजी-घटक-पद्धतीनिशी असते, हे बहुतेकांना माहीत नसते.

अंश तपासणीची तांत्रिक शंका असेल, तर पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी या विषयावर नियमित काम चालते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातूनही तिथवर पोचता येते.

टप्पा ६ : प्रयोगशाळेतले काम

हा भाग मुख्यतः प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्यांसाठी आहे. शेतकऱ्यांनी निदान मॅन्कोझेबचा परिच्छेद तरी वाचावा.

बहुअंश तपासणीसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधांचे अंश शोधण्यासाठी, क्वेचर्स नावाची अर्क काढण्याची पद्धत सर्वत्र चालते. संपूर्ण नमुना कोरड्या बर्फासोबत किंवा गोठवून बारीक करायचा, त्यातला १० ग्रॅम नळीत घ्यायचा, १० मिली ॲसिटोनायट्राइल घालून एक मिनिट जोरात हलवायचे. मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ घालायचे. सायट्रेट पद्धत असेल तर सोबत सायट्रेटचे क्षार. क्षार पडताच नळी तापते आणि गोळे बनू लागतात, म्हणून प्रत्येक नळी क्षार घातल्या घातल्या हलवा. सहा नळ्यांत क्षार घालून मग एकेक हलवत बसलात, तर पहिल्या नळीत दगड झालेला असतो. पुढे अपकेंद्री यंत्रात फिरवून वरचा थर घ्यायचा आणि प्रत्येक मिलीमागे १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिलिग्रॅम पीएसए (नको असलेले घटक शोषून घेणारी भुकटी) घालून स्वच्छ करायचा. त्यानंतर एलसी-एमएस-एमएस आणि जीसी-एमएस-एमएस या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रांवर तपासायचा.

पालेभाज्यांचा हिरवा रंग काढायला कार्बन वापरण्याचा मोह होतो. कार्बन रंगासोबत सपाट रेणूंनाही धरून ठेवतो. कार्बेन्डाझिम, थायाबेन्डाझोल आणि क्लोरोथॅलोनिल त्यात अडकतात आणि आकडा खोटाच कमी येतो. वापरायचाच असेल तर अगदी थोडा, आणि याच घटकांची परतप्राप्ती, म्हणजे मुद्दाम मिसळलेल्या मात्रेपैकी किती टक्के परत मोजली जाते ते, तपासून.

आता मॅन्कोझेब. वनस्पतीच्या रसाशी संपर्क येताच ते फुटू लागते. मिक्सरमध्ये भाजीचा लगदा केला, की तपासणी सुरू होण्याआधीच काही अंश नाहीसा होतो. म्हणून डायथायोकार्बामेटसाठी वेगळा भाग काढून ठेवा. गोठवलेल्या भाजीचे मोठे तुकडे करा आणि लगेच वजन करून पद्धतीत टाका. बंद बाटलीत स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लासोबत तापवल्यावर गटातल्या सगळ्या घटकांतून कार्बन डायसल्फाइड बाहेर पडतो आणि तो जीसीवर मोजला जातो. मूळ औषध मॅन्कोझेब होते की प्रोपिनेब, हे या आकड्यावरून कळत नाही.

सावधान : कोबी, फ्लॉवर, मुळा, कांदा, लसूण यांत गंधकाचे नैसर्गिक घटक असतात आणि याच तपासणीत त्यांतूनही कार्बन डायसल्फाइड निघतो. वर सांगितलेला कोबीचा अहवाल असाच येतो. या भाज्यांसोबत बिनफवारणीचा नमुना तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पडताळणी : प्रत्येक फेरीत बिनफवारणीच्या भाजीत ठरावीक मात्रा मिसळून केलेली तपासणी आहे का? परतप्राप्ती ७० ते १२० टक्क्यांत आणि विचलन २० टक्क्यांच्या आत हवे. अंशांकनाची रेषा, म्हणजे माहीत असलेल्या मात्रांवरून यंत्राचे मोजमाप ठरवणारी रेषा, शुद्ध द्रावकात नव्हे, त्याच प्रकारच्या भाजीच्या अर्कात काढलेली हवी, नाहीतर मिरचीसारख्या गुंतागुंतीच्या अर्कात आकडा वर किंवा खाली सरकतो.

टप्पा ७ : अहवाल वाचणे

आधी एकक पाहा. मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजेच पीपीएम. मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे पीपीबी, ते हजारपट लहान. ०.०१ पीपीएम म्हणजे १० पीपीबी. अहवालात १० पाहून घाबरलेले आणि ०.५ पाहून निश्चिंत झालेले, दोन्ही प्रकारचे लोक भेटतात.

'आढळले नाही' किंवा 'एलओक्यूखाली' याचा अर्थ शून्य नव्हे. तपासणीची खालची पातळी ०.०५ असेल आणि तुमची मर्यादा ०.०१ असेल, तर 'आढळले नाही' या शब्दांना काहीच किंमत नाही.

मग घटकाची व्याख्या पाहा. कार्बेन्डाझिम मारलेच नाही आणि तरी सापडले, तर थायोफॅनेट मिथाइल मारले होते का ते यादीत शोधा, कारण ते झाडात कार्बेन्डाझिममध्येच बदलते. डायथायोकार्बामेटची मर्यादा कार्बन डायसल्फाइडच्या रूपात दिलेली असते, अहवालातला आकडाही त्याच रूपात असतो. इथवर दोन्ही जुळतात, म्हणून तुलना सरळ करा, काहीही गुणू नका. गुणाकार पुढच्या टप्प्यात लागतो.

शेवटी अनिश्चितता. अंश तपासणीत ती साधारण अधिक-उणे ५० टक्के धरली जाते. अहवालात ०.८ आले आणि मर्यादा १.० असेल, तर खरी किंमत ०.४ ते १.२ मध्ये कुठेही असू शकते. शासकीय तपासणीत दोष ठरवताना अनिश्चितता उत्पादकाच्या बाजूने धरण्याची पद्धत आहे, पण विकणाऱ्याने तिचा आधार घेऊ नये. माझे मत स्पष्ट आहे : मर्यादेच्या निम्म्याच्या वर आकडा असलेला माल एक तोडा थांबवावा.

टप्पा ८ : खाणाऱ्याला धोका आहे का

मर्यादेत असणे आणि सुरक्षित असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कमाल अवशेष मर्यादा मुख्यतः योग्य वापर केल्यावर किती अंश राहायला हवा यावरून ठरते. आरोग्याची मोजपट्टी वेगळी : आयुष्यभर रोज पोटात गेले तरी चालेल असे प्रमाण, एडीआय. ते शरीराच्या दर किलो वजनामागे दिलेले असते. जागतिक तज्ज्ञ समितीने मॅन्कोझेबच्या गटासाठी ते ०.०३ मिलिग्रॅम, कार्बेन्डाझिमसाठी ०.०३, डायफेनोकोनॅझोलसाठी ०.०१ आणि ॲझॉक्सिस्ट्रोबिनसाठी ०.२ ठरवले आहे.

एक उदाहरण पूर्ण करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. टोमॅटोत डायथायोकार्बामेट, कार्बन डायसल्फाइडच्या रूपात, किलोला ०.९ मिलिग्रॅम. एडीआय मात्र मॅन्कोझेबचा आहे, म्हणून आधी रूपांतर : ०.९ × १.७८ = १.६ मिलिग्रॅम मॅन्कोझेब. हा गुणाकार विसरला, की धोका जवळजवळ निम्मा दिसतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने संदर्भासाठी धरलेले स्त्रीचे वजन ५५ किलो आहे. ती रोज १०० ग्रॅम टोमॅटो खाते असे धरले, तर ०.१६ मिलिग्रॅम पोटात गेले. भागिले ५५, म्हणजे दर किलोमागे ०.००२९. एडीआयशी तुलना केली की सुमारे १० टक्के. आता १५ किलोचे मूल ६० ग्रॅम खाते : ०.०९६ भागिले १५, म्हणजे ०.००६४, सुमारे २१ टक्के. मूल कमी खाऊनही त्याचा वाटा दुप्पट झाला. म्हणून हिशेब नेहमी मुलाचाही करा.

एवढ्यावर थांबणे ही सर्रास होणारी चूक. माणूस फक्त टोमॅटो खात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. त्या सगळ्यांत एवढाच अंश असेल, तर त्याच स्त्रीच्या पोटात ०.६४ मिलिग्रॅम, एडीआयच्या ३९ टक्के जाईल. आणि त्या भाज्यांत टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल असे एकाच प्रकारे काम करणारे घटक एकत्र असतील, तर प्रत्येकाची टक्केवारी वेगळी काढून बेरीज करा. बेरीज १०० च्या वर गेली, तर प्रत्येक घटक आपापल्या मर्यादेत असला तरी तो माल मला पटणार नाही.

एका जेवणातल्या धोक्याचा हिशेब निराळा असतो. तिथे तीव्र संदर्भ मात्रा वापरतात. कार्बेन्डाझिमसाठी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ती दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम आहे. नमुन्याचा आकडा दहा-बारा फळांची सरासरी असतो, एखाद्या फळात त्याहून बराच जास्त अंश असू शकतो. म्हणून पहिल्या फळासाठी अंशाची तिप्पट धरतात. किलोला ०.५ मिलिग्रॅम कार्बेन्डाझिम असलेले २०० ग्रॅम टोमॅटो, त्यातले एक फळ ८० ग्रॅमचे : ०.०८ × ०.५ × ३ म्हणजे ०.१२, अधिक उरलेल्या १२० ग्रॅमचे ०.०६, मिळून ०.१८. भागिले ५५, म्हणजे ०.००३३. संदर्भ मात्रेच्या सुमारे ३ टक्के. तत्काळ धोका नाही, तरी विक्रीची मर्यादा ओलांडलेली असू शकते. ग्राहकाला किंवा पत्रकाराला उत्तर देताना या दोन वाक्यांची गल्लत होऊ देऊ नका.

सावधान : 'घरी धुतले की जाते' हे सगळ्या औषधांना लागू नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने पृष्ठभागावरचे मॅन्कोझेब बरेच कमी होते, आत शिरलेल्या औषधांवर फारसा फरक पडत नाही. मॅन्कोझेबचा अंश तसाच ठेवून भाजी शिजवली, तर उष्णतेने त्यातून ईटीयू नावाचा घटक तयार होतो आणि तो मूळ औषधापेक्षा जास्त काळजीचा आहे. धुणे शिजवण्याआधी, चिरण्याच्याही आधी. धोक्याच्या हिशेबात मात्र धुतल्याची सूट धरू नका.

टप्पा ९ : आकडा वर आला तर

पहिले काम, तोडा थांबवणे. तो माल दुसऱ्या प्लॉटच्या मालात मिसळून सरासरी खाली आणण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. क्रेटमधले एकेक फळ मिसळत नसते, ते ज्याच्या ताटात जाते त्याच्या वाट्याला पूर्ण अंश जातो.

दुसरे, किती दिवस थांबायचे ते काढा. फवारणीनंतर पहिल्या दिवशी ०.८० आणि सहाव्या दिवशी ०.२० आले असेल, तर पाच दिवसांत आकडा दोनदा निम्मा झाला. म्हणजे अर्धायुष्य अडीच दिवस. मर्यादा ०.०५ असेल, तर अजून दोनदा निम्मा व्हायला हवा, म्हणजे आणखी पाच दिवस, फवारणीपासून अकरावा दिवस. आकडे इतके सरळ नसतील तर सूत्र असे : दिवस = अर्धायुष्य × ३.३२ × लॉग (आजचा अंश ÷ मर्यादा). इथे लॉग दहाच्या पायाचा.

दोन नमुन्यांवरचे हे गणित अंदाजाचे आहे, त्यावर एक अर्धायुष्य जास्तीचे ठेवा. शेडनेट आणि पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीत पाऊस लागत नाही, ऊन कमी पोचते, त्यामुळे अंश उघड्या रानापेक्षा हळू उतरतो. उन्हाळ्यातल्या टोमॅटोचा अनुभव तिथे लावू नका. वाढत्या काकडीत आकडा भराभर खाली येतो, पण त्यात औषध फुटण्याइतकाच फळाचे वजन वाढण्याचाही हात असतो. पूर्ण पोसलेल्या फळात तो आधार मिळत नाही.

तिसरे, ठरलेल्या दिवशी त्याच ओळींतून, त्याच पद्धतीने पुन्हा नमुना घ्या आणि त्याच प्रयोगशाळेत पाठवा. पहिल्या अहवालावरच शंका असेल, तर राखीव भाग दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. दोन आकड्यांत अनिश्चिततेएवढा फरक आला तर तो वाद घालण्याइतका नसतो.

आणि पुढच्या हंगामाचा फवारणीचा क्रम आताच बदलून लिहा. फळधारणेपर्यंत मॅन्कोझेबसारखी औषधे, तोडा सुरू झाल्यावर लेबलवर आपल्या पिकाचे नाव असलेली आणि प्रतीक्षा काळ तोड्यांच्या मधल्या अंतरात बसणारीच औषधे, आणि भुरीसाठी शक्य तिथे बॅसिलस सबटिलिससारखी जैविके. प्रत्येक फवारणी तोडा झाल्यावर, त्याच संध्याकाळी. तोड्याच्या आदल्या दिवशी पंप पाठीवर घ्यायचा नाही, हे मजुरांनाही त्यांच्या वहीत लिहून द्या.